फिरकीची खेळपट्टी आणि कसोटी सामना : कट्ट्यावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भारतात कसोटी सुरू झाली की आमच्या शिवाजी पेठेतल्या कट्ट्यावर धावफलकापेक्षा विकेटची, म्हणजे खेळपट्टीची, चर्चा जास्त. मी वीसेक वर्षं कोल्हापुरातल्या क्लब सामन्यांत ऑफस्पिन टाकली. फार दिवे लावले असं नाही, पण तेवढ्या भांडवलावर लोक मलाच विचारतात. नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलकात्यात दक्षिण आफ्रिकेनं ठेवलेल्या १२४ धावांचा पाठलाग करताना आपण ९३ धावांत गुंडाळले गेलो, त्या दिवशी तर दुपारपर्यंत माझ्या फोनची बॅटरी उतरली. प्रश्न तेच ते असतात. म्हणून एकदाच काय ते इस्कटून लिहून ठेवतो.

फिरकीला साथ देणारी खेळपट्टी म्हणजे नेमकी कसली?

जिच्यावर टप्पा पडल्यावर चेंडू दिशा बदलतो, आणि किती बदलेल, किती उसळेल हे फलंदाजाला आधी कळत नाही, अशी. यातला दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. चेंडू दर वेळी तेवढाच वळत असेल तर चांगला फलंदाज तासाभरात हिशेब बसवतो. एक चेंडू वीतभर वळला, पुढचा तसाच सरळ आला आणि तिसरा घोट्याएवढा खाली राहिला, की मोठमोठ्यांचे पाय लटपटतात.

पण चेंडू वळतोच कसा?

भोवरा आठवा. गुळगुळीत फरशीवर सोडला तर सटकत जातो, मातीच्या अंगणात सोडला तर आर रुतून जागा धरतो. स्पिनर बोटांनी किंवा मनगटानं चेंडूला गिरकी देतो. टप्पा पडताना जमिनीनं चेंडूला क्षणभर जरी धरलं, तरी त्या गिरकीतला जोर बाजूला ढकलण्यात खर्च होतो आणि चेंडू वळतो. वर गवत असेल, पृष्ठभाग घट्ट दाबलेला असेल, तर चेंडू फरशीवरच्या भोवऱ्यासारखा निसटतो. माती कोरडी, खरखरीत आणि वरून थोडी सुटलेली असेल तर ती चेंडूला धरते. भारतात वापरतात त्या एसजी कंपनीच्या चेंडूची शिवण उठावदार असते, तिचीही मदत होते.

हे झालं टप्प्यानंतरचं. टप्प्याआधी हवेत जे होतं ते खेळपट्टीच्या हातात नाही, ते सगळं गोलंदाजाचं. वरून गिरकी दिलेला चेंडू अपेक्षेपेक्षा आधीच खाली उतरतो, बाजूची गिरकी असेल तर हवेतच सरकतो. पुढं एका उत्तरात हा मुद्दा पुन्हा येणार आहे, लक्षात ठेवा.

लाल माती आणि काळी माती यात फरक काय?

कोल्हापूरकरानं हा प्रश्न विचारला की मला हसू येतं, कारण दोन्ही माती आपल्याच जिल्ह्यात आहेत. नदीच्या काठानं शिरोळकडं गेलात की काळं रान. पन्हाळा मागं टाकून आंब्याकडं किंवा गगनबावड्याकडं चढलात की जांभ्याची तांबडी माती. खेळपट्टीची माती अर्थात निवडून, चाळून घेतलेली असते, शेतातनं ट्रॉली भरून आणत नाहीत. पण गुणधर्म तेच.

काळ्या मातीत चिकण अंश भरपूर. पाणी पिऊन फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात पाणी तोडलेल्या काळ्या रानात मनगट जाईल एवढी भेग तुम्ही पाहिली असेल. खेळपट्टीवर हेच लहान प्रमाणात होतं. भेगा पडतात, मधले तुकडे फरशीसारखे राहतात आणि त्यांच्या कडा ढासळू लागतात. काळी माती ओल धरून ठेवते, म्हणून चेंडू थांबून येतो आणि फारसा उसळत नाही. अशा विकेटवर फलंदाज जास्त करून पायचीत होतात, बोल्ड होतात.

लाल माती लवकर वाळते. वरचा थर शाबूत असेपर्यंत उसळी छान मिळते, फटके खेळायला मजा येते. थर सुटू लागला की चेंडू वळतोही आणि उसळतोही. मग बॅटची कड किंवा ग्लोव्ह लागून जवळच्या शॉर्ट लेगला नाहीतर स्लिपला झेल. वानखेडेवर डिसेंबर २०२१ मध्ये एजाझ पटेलनं ११९ धावांत आपले दहाच्या दहा फलंदाज बाद केले, ती लाल माती. जन्म मुंबईचा, खेळतो न्यूझीलंडकडून. आणि पुण्याजवळच्या गहुंज्याला ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्याच मिचेल सँटनरनं सामन्यात १५७ धावांत १३ बळी घेतले, ती काळी. तिथं चेंडू डोक्यावरून गेला नाही, पायाखालून गेला.

क्युरेटर, म्हणजे खेळपट्टी तयार करणारा, नेमकं काय करतो? पाणी मारणे आणि रोलर फिरवणे, एवढंच ना?

एवढंच. जसं पांढऱ्या रश्श्यात नुसतं नारळाचं दूध असतं तेवढंच!

२०.१२ मीटर लांब आणि ३.०५ मीटर रुंद पट्टी. तिच्यात ओल किती खोलवर ठेवायची, वरचं पाणी सामन्याआधी किती दिवस तोडायचं, गवत किती ठेवायचं, जड रोलर किती वेळ फिरवायचा, हे त्याचे पत्ते. गवताची मुळं मातीला बांधून ठेवतात. गवत पार खरवडून काढलं, पाणी लवकर तोडलं आणि रोलर कमी फिरवला की पट्टी पहिल्या दिवशीच धूळ सोडू लागते. याउलट खाली ओल राखून वरून घट्ट दाबलेली पट्टी तिसऱ्या दिवसापर्यंत धीर धरते. सामना सुरू झाल्यावर पट्टीला पाणी मारता येत नाही. म्हणजे क्युरेटरचे सगळे निर्णय आधीचे; नंतर तो आपल्यासारखाच बघ्या.

पट्टीचा काही भाग मुद्दाम कोरडा ठेवतात अशीही ओरड होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये नागपूर कसोटीआधी ऑस्ट्रेलियातल्या माध्यमांनी डावखुऱ्या फलंदाजांच्या ऑफ स्टंपबाहेरची माती सुकवल्याचा केवढा गवगवा केला होता. त्याच पट्टीवर रोहित शर्मानं १२० धावा काढल्या, आपण ४०० पर्यंत गेलो आणि ऑस्ट्रेलिया १७७ आणि ९१ धावांत आटोपली. ओरड खोटी होती असं मी म्हणत नाही. पण एक डाव १३२ धावांचा फरक नुसत्या कोरड्या मातीनं पडत नाही.

पेपरवाले अशा विकेटला 'आखाडा' म्हणतात. कोल्हापूरकर म्हणून तुम्हाला राग येत नाही का?

पूर्वी यायचा. शाहू महाराजांनी बांधलेलं, १९१२ साली पुरं झालेलं खासबाग मैदान ज्या गावात आहे, तिथं आखाडा हा शब्द शिवीसारखा कसा वापरायचा? हौद्यातल्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती जपतात. पायातलं पायताण काढल्याशिवाय तिथं कुणी उतरत नाही.

नंतर लक्षात आलं की शब्द अगदी चपखल आहे. फक्त लोक तो नीट समजून वापरत नाहीत. तालमीत पोरं रोज फावड्यानं माती उकरून मोकळी करतात, पडणाऱ्याला लागू नये म्हणून. क्युरेटरचं काम नेमकं उलटं, माती दाबून दाबून दगडासारखी करायची. ज्या खेळपट्टीची माती तालमीतल्यासारखी मोकळी झाली, ती आखाडा. इथपर्यंत बरोबर. पण हौद्यातली माती दोन्ही पैलवानांना सारखी असते आणि तिच्यावर ताकदीचा, डावपेचाचा कस लागतो. पेपरातल्या आखाड्यावर ते होतं का, हा खरा प्रश्न.

पाच दिवसांत विकेट कशी बदलत जाते?

चांगल्या भारतीय विकेटवर पहिल्या सकाळी थोडी ओल असते, तेव्हा वेगवान गोलंदाजांना तासभर मिळतो. मग दीड-दोन दिवस धावा काढायचे. दुसऱ्या दिवशी चहापानानंतर एखादा चेंडू धूळ उडवतो आणि समालोचकांचा आवाज चढतो. तिसऱ्या दिवशी वळण नियमित होतं. चौथ्या-पाचव्या दिवशी वळणाचा आणि उसळीचा भरवसा उरत नाही.

कसोटीची सगळी गंमत या उतरणीत आहे. पहिल्या डावातल्या आघाडीला वजन येतं ते यामुळंच. कर्णधार ५० धावा कमी असताना डाव घोषित करतो तो यामुळंच. समोरच्याला २०० धावांची पिछाडी असूनही फॉलोऑन न देता, म्हणजे त्याला लगेच पुन्हा खेळायला न लावता, स्वतः फलंदाजी घेणारे कर्णधार भित्रे नसतात. त्यांना एवढंच नको असतं, की शेवटच्या दिवशी त्या मातीवर स्वतःलाच खेळायची पाळी यावी.

ही उतरण पाच दिवसांची असली तर खेळ रंगतो. पहिल्याच दिवशी दुपारी जिना संपला, तर नुसती गडगड.

बुटांच्या खुणा म्हणून सारखं सांगतात, त्याचं काय एवढं?

लई आहे. उजव्या हातानं, स्टंपच्या डावीकडून धावत येणारा वेगवान गोलंदाज चेंडू सोडल्यावर जिथं पाय आपटतो, तिथं खड्डा पडतो. त्या टोकाला पुढं उजवा फलंदाज उभा राहिला की ती जागा त्याच्या लेग स्टंपबाहेर येते, डावखुऱ्याच्या ऑफ स्टंपबाहेर. म्हणून डावखुरे फलंदाज ऑफस्पिनरसमोर चौथ्या दिवशी घामाघूम होतात. अश्विननं डावखुऱ्यांचे किती बळी घेतले ते आठवा. शेन वॉर्न उजव्या फलंदाजांच्या लेग स्टंपबाहेर त्याच खड्ड्यात टप्पा टाकत राहायचा. आता संघात मिचेल स्टार्कसारखा डावरा वेगवान गोलंदाज असला तर खड्डा दुसऱ्या बाजूला, म्हणजे उजव्या फलंदाजाच्या ऑफ स्टंपबाहेर पडतो, आणि त्याचाच जोडीदार नेथन लायन त्यावर जेवतो. ही भागीदारी धावफलकावर कुठं दिसत नाही.

पट्टीच्या मधोमध, स्टंपांच्या रेषेत पाय आपटायला बंदी आहे. पंच ताकीद देतात, तरी ऐकलं नाही तर त्या डावात त्याची गोलंदाजी बंद.

रोलरनं काही फरक पडतो का?

थोडा. आपला डाव सुरू होण्याआधी आणि दिवसाच्या सुरुवातीला फलंदाजी करणारा कर्णधार जास्तीत जास्त सात मिनिटं रोलर मागू शकतो, सामन्याचा पहिला डाव सोडून. जड रोलरनं सुटलेली माती तासभर बसते. पण भेगाळलेल्या पट्टीवर तोच रोलर उरलेल्या कडाही मोडतो. चौथ्या डावात जड मागायचा की हलका, यावरून ड्रेसिंगरूममध्ये भांडणं होत असणार याबद्दल मला शंका नाही.

जास्त वळणारा चेंडू जास्त घातक ना?

नाही. हे नव्या पोरांना सांगून सांगून मी थकलो.

हातभर वळलेला चेंडू बॅटच्या कडेला चुकवून जातो. फलंदाज हसतो, गोलंदाज कपाळावर हात मारतो, समालोचक ओरडतो, बळी मिळत नाही. बळी मिळतो बॅटच्या रुंदीपेक्षा कमी वळणाऱ्या चेंडूवर. त्याहून जास्त मिळतो वळेल असं वाटून न वळलेल्या चेंडूवर. फेब्रुवारी २०२१ मध्ये अहमदाबादची गुलाबी चेंडूची कसोटी दोन दिवसांत संपली. पडलेल्या ३० बळींपैकी २८ स्पिनरनी घेतले, एकट्या अक्षर पटेलनं ७० धावांत ११. त्यातले किती चेंडू वळले? इंग्लंडचे फलंदाज वळणासाठी बॅट बाहेर घेऊन खेळत होते आणि अक्षरचा चेंडू नाकासमोर जाऊन पॅडवर नाहीतर स्टंपवर आदळत होता. गुलाबी चेंडूचा लेप जाड, त्यामुळं तो टप्प्यावरून आणखी झपकन यायचा. मधले दोन-चार चेंडू वळलेले असत, भीती बसायला तेवढं पुरतं.

कुंबळेनं १९९९ च्या फेब्रुवारीत दिल्लीत पाकिस्तानचे दहाही गडी ७४ धावांत बाद केले. कुंबळेचा लेगस्पिन कधीच फार वळायचा नाही. त्याला विकेटकडून हवी होती उसळीतली फसवाफसवी, आणि दिल्लीच्या कोटला मैदानानं ती दिली.

मग वेगवान गोलंदाज नुसते फिल्डिंगला घ्यायचे का?

जसप्रीत बुमराला विचारा. कोलकात्याच्या त्याच कसोटीत पहिल्या दिवशी त्यानं २७ धावांत ५ बळी घेतले. उसळीचा भरवसा नसला की १४० च्या वेगानं खाली राहणारा चेंडू फिरकीपेक्षा भयंकर. शिवाय खरखरीत पट्टीवर चेंडूची एक बाजू लवकर झिजते आणि रिव्हर्स स्विंग, म्हणजे जुना चेंडू हवेत उलट्या बाजूला वळणं, मिळतो. वर सांगितलेले खड्डेही तेच पाडतात.

नाणेफेक जिंकली म्हणजे निम्मा सामना जिंकला, खरं का?

पहिल्या दिवसापासून धूळ उडणाऱ्या विकेटवर नाणेफेकीचं महत्त्व वाढतं, हे खरं. पहिल्यांदा खेळणाऱ्याला जी काय बरी विकेट असते ती मिळते. पण पुरावा दोन्हीकडून आहे. इंदूरला मार्च २०२३ मध्ये नाणेफेक आपण जिंकली, फलंदाजी आपण घेतली आणि १०९ धावांत परत आलो. सामना ऑस्ट्रेलियानं नऊ गड्यांनी घेतला. २०१२ मध्ये वानखेडेवरही नाणेफेक आपली, पुजाराचं शतकही आपलं, तरी केविन पीटरसनच्या १८६ धावा आणि माँटी पानेसरचे ११ बळी यांच्यापुढं दहा गड्यांनी हार. अहमदाबादला नाणेफेक इंग्लंडची होती, त्याचं काय झालं ते वर आलंच.

विकेट आपण आपल्याला हवी तशी करून घेतो, तरी आपणच का हरतो?

कट्ट्यावर यावरून आवाज चढतात, चहा गार होतो. माझं मत सांगतो, पटलं तर घ्या.

बऱ्या विकेटवर अश्विन आणि पाहुण्यांचा बेताचा स्पिनर यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक दिसायचा. अश्विन हवेत चेंडू सरकवायचा, उतरवायचा, एकाच टप्प्यावर तीस षटकं मारा करायचा, फलंदाजाला पुढं ओढायचा आणि मग बाद करायचा. पाहुण्याला यातलं निम्मं जमायचं. पण विकेटच आखाडा झाली, की हवेतली कारागिरी लागतेच कुणाला? टप्पा बरा ठेवला आणि चेंडू जोरात सोडला की उरलेलं काम माती करते. म्हणजे आपण विकेट जितकी फिरवतो तितकी आपल्या स्पिनरची विद्या स्वस्त करतो. शहरातला पैलवान आणि गावातला होतकरू पोरगा यांना निसरड्या चिखलात सोडा; कोण आधी घसरतो यावर कुस्ती ठरते.

गहुंज्याचंच उदाहरण घ्या, आपल्याला हमरस्त्यानं सरळ जाता येणारं सगळ्यात जवळचं कसोटी मैदान. तिथं भारतानं पहिले तीन सामने असे खेळले : फेब्रुवारी २०१७ मध्ये कोरडीठाक विकेट, स्टीव्ह ओकीफनं दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले, आपण १०५ आणि १०७, ऑस्ट्रेलिया ३३३ धावांनी विजयी. आयसीसीनं त्या विकेटला खराब ठरवलं. ऑक्टोबर २०१९ मध्ये समंजस विकेट, कोहली नाबाद २५४, आपण ५ बाद ६०१ वर डाव घोषित केला आणि दक्षिण आफ्रिकेला एक डाव १३७ धावांनी हरवलं. त्या सामन्यात स्पिनरही चालले आणि उमेश यादवही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पुन्हा कोरडी, पुन्हा फिरकी, न्यूझीलंड ११३ धावांनी विजयी. सँटनरनं त्याआधी कसोटीच्या एका डावात पाच बळी कधीच घेतले नव्हते. आठवडाभरानं वानखेडेवर १४७ चं लक्ष्य होतं, ऋषभ पंतनं ६४ काढल्या आणि तरी १२१ वर सगळे बाद. घरच्या सलग १८ मालिका जिंकणारा संघ ०-३ नं हरला.

दुसरं कारण वेळेचं. सामना जितका छोटा तितका चांगल्या संघाला चूक सुधारायला वेळ कमी. पहिल्या डावात ७० धावा कमी पडल्या तर बऱ्या विकेटवर दुसऱ्या डावात भरून काढता येतात. आखाड्यावर त्या ७० म्हणजेच सामना. कोलकात्यात अख्ख्या कसोटीत एकच अर्धशतक झालं, दक्षिण आफ्रिकेच्या टेंबा बवुमाचं नाबाद ५५, आणि तेवढ्यावर निकाल लागला. त्यानंतर आपल्या प्रशिक्षकांनी सांगितलं की विकेट आम्हीच अशी मागितली होती. आता बोला.

चौथ्या डावात किती धावा म्हणजे सुरक्षित?

वानखेडेवर २००४ मध्ये ऑस्ट्रेलियाला फक्त १०७ हव्या होत्या, ते ९३ वर संपले. बंगळूरला १९८७ मध्ये पाकिस्तानविरुद्ध आपल्याला २२१ हव्या होत्या, १६ धावांनी हरलो. हैदराबादला जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या डावात १९० ची आघाडी घेऊनही २३१ जमल्या नाहीत, २८ नं हरलो. आणि चेन्नईला डिसेंबर २००८ मध्ये इंग्लंडनं दिलेल्या ३८७ धावा आपण चार गडी गमावून काढल्या : सेहवागनं ६८ चेंडूंत ८३ ठोकून मैदान मोकळं केलं, सचिन नाबाद १०३, युवराज नाबाद ८५. चेंडू त्याही विकेटवर वळत होता. एक गोष्ट मात्र चारही ठिकाणी सारखी. छोट्या पाठलागात फलंदाज धावा मोजतो, मोठ्या पाठलागात चेंडू बघतो.

अशा विकेटवर फलंदाजानं करायचं तरी काय?

पूर्ण पुढं, नाहीतर पूर्ण मागं. मधे अडकला तो गेला. पुढं जायचं तर टप्प्यावर पोचून वळण सुरू व्हायच्या आधीच ते मारायचं. मागं जायचं तर क्रीजमध्ये खोलवर, वळलेला चेंडू बघून खेळायला. अर्धवट पुढं आलेला पाय म्हणजे कुस्तीत स्वतःहून दिलेला पट.

हात सैल हवेत, म्हणजे कड लागली तरी चेंडू शॉर्ट लेगपर्यंत जात नाही. सुनील गावसकरच्या बंगळूरच्या ९६ धावा, त्याच्या शेवटच्या कसोटीतल्या, जाणकार अजून उगाळतात ते या हातांसाठी. चेंडू फणा काढून येत होता आणि तो त्याला पायाशी मारून टाकत होता.

दुसरा मार्ग स्वीपचा, म्हणजे गुडघा टेकून आडव्या बॅटनं मारायच्या फटक्याचा. आमच्या वेळी आडव्या बॅटनं फिरकी खेळलं की वस्ताद शिव्या घालायचे. हैदराबादला इंग्लंडच्या ऑली पोपनं उलटे-सुलटे स्वीप मारत १९६ धावा काढल्या आणि सामना फिरवला. स्वीप मारला की गोलंदाजाचा टप्पा बिघडतो, जवळचे क्षेत्ररक्षक लांब जातात. टप्प्यावर जाऊन मारल्यानं वळण कितीही असलं तरी फरक पडत नाही. धोका एकच, खाली राहणारा चेंडू. म्हणून लाल मातीवर स्वीप मारायचा, काळ्यावर जपून.

नशीबही लागतं. २०१७ ला गहुंज्यात स्टीव्ह स्मिथनं दुसऱ्या डावात १०९ काढल्या, मधे आपण त्याला जीवदानं दिली. त्या १०९ म्हणजे आपल्या अख्ख्या संघाच्या दोन्हीपैकी कुठल्याही डावापेक्षा जास्त.

डीआरएसमुळं, म्हणजे पंचांचा निर्णय पडद्यावर तपासायच्या सोयीमुळं, काय बदललं?

पॅड बाद झालं! पूर्वी पाय पुढं टाकून चेंडू पॅडवर घ्यायचा, पंच पुढच्या पायावर पायचीत द्यायला कचरायचे. चेंडू स्टंपवर जातो हे पडद्यावर दिसू लागल्यापासून बॅट पॅडच्या पुढं आणावीच लागते. मग कड लागून अगदी जवळ उभ्या सिली पॉइंटला झेल.

ओल्या विकेटवर पण चेंडू फिरतो म्हणतात. मग कोरडी-ओली नक्की काय?

दोन्ही. चिकट ओल चेंडूला धरते. खेळपट्ट्या झाकत नसत त्या काळात पाऊस आणि मग ऊन आलं की फलंदाजांचा बाजार उठायचा. इंग्लंडच्या जिम लेकरनं १९५६ मध्ये मँचेस्टरला ऑस्ट्रेलियाचे १९ गडी ९० धावांत बाद केले, त्यात त्या ओलीचा वाटा होता. आता विकेट झाकतात, त्यामुळं ही भानगड कसोटीत संपली.

क्लब क्रिकेटमध्ये नाही. एकदा एका मैदानावर रात्री कुणीतरी पाण्याची नळी चालूच ठेवली आणि एका टोकाला सकाळी चिखल. आयोजक म्हणाले, चालतंय, खेळा. मी त्या टोकाकडं टप्पे टाकले, चेंडू थांबून थांबून आला, ४ बळी मिळाले. बोटांच्या जोरावर मिळाले असं घरी सांगितलं होतं, आजवर कुणी उलटतपासणी केलेली नाही.

त्यापेक्षा पाटा विकेट, म्हणजे नुसत्या धावांची, बरी की! निदान पाच दिवस तिकिटाचे पैसे वसूल.

पाट्याचं टोक बघायचं तर आपल्याच माणसाकडं बघा. कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला आणि उपाहाराच्या वेळी समोरच्या संघानं सामनाच सोडून दिला. भाऊसाहेबांना कसोटी कधी खेळायला मिळाली नाही, याची हळहळ जुन्या लोकांत अजून आहे. त्या खेळीला मी मुजरा करतो. पण गोलंदाज सामान उचलून घरी जातात, तो खेळ रोज बघवणार नाही.

तीन दिवसांत सामना संपला म्हणजे विकेट खराबच ना?

नोव्हेंबर २०२५ मध्ये पर्थची ॲशेस, म्हणजे ऑस्ट्रेलिया-इंग्लंड मालिकेतली, कसोटी दोन दिवसांत संपली, वेगवान गोलंदाजांनी संपवली. आयसीसीनं त्या विकेटला सर्वोत्तम शेरा दिला. आपल्याकडं फिरकीनं तीन दिवसांत संपली की आभाळ कोसळतं. हा दुजाभाव आहेच. पण केप टाउनला जानेवारी २०२४ मध्ये ६४२ चेंडूंत कसोटी आटोपली तेव्हा त्या वेगवान विकेटलाही आयसीसीनं नापास केलं, हेही सांगायला हवं. आणि इंदूरला आधी दिलेला खराब शेरा बीसीसीआयनं दाद मागितल्यावर एक पायरी सौम्य केला गेला.

दिवस मोजू नका. चांगला चेंडू टाकणाऱ्याला बळी मिळाला का, आणि चांगलं खेळणाऱ्याला धावा मिळाल्या का, एवढं बघा. २००४ चं वानखेडे या परीक्षेत नापास होतं : मायकेल क्लार्कसारख्या हौशी स्पिनरनं ९ धावांत ६ बळी घेतले. सामना आपण १३ धावांनी जिंकला म्हणून त्या विकेटचे पेढे वाटायचे काही कारण नाही.

टीव्हीवर पहिल्या सकाळी विकेट ओळखायची कशी?

पिच रिपोर्ट ऐकू नका, तिथं चावीनं माती टोकरून सगळे तेच बोलतात. यष्टिरक्षकाचे हात बघा. वेगवान गोलंदाजाचा चेंडू तो छातीशी घेत असेल तर तीन दिवस निश्चिंत, गुडघ्याखाली वाकून घेत असेल तर सुट्टी एकच दिवसाची टाका. पहिला स्पिनर कितव्या षटकात येतो ते बघा. पहिल्या तासाच्या आत आला, तर कर्णधाराला सकाळी बूट घासूनच कळलंय. आणि टप्पा पडल्यावर पिवळट धुरळ्याचा एक छोटा फुगा वर उठतो का ते बघा. तो दिसला की मला फोन करू नका, मीही बघतच असेन.